रात्री काय करायचं, हे ठरवायचं कुणी?

संध्याकाळी सहाच्या सुमारास मुंबईहून कल्याणच्या पुढे निघालेल्या लोकलचा बायकांचा डबा बघा. कुणी मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत असते, कुणी मेथी निवडत असते, कुणी गवारीच्या शिरा काढत असते. वर्तमानपत्रांत या दृश्याचे फोटो येतात आणि खाली मुंबईच्या बायका किती कामसू, असं कौतुक छापलेलं असतं. मला त्या दृश्यात कौतुकापेक्षा दमणूक जास्त दिसते. आणि निवडणारे हात निदान फोटोत तरी येतात. त्याच वेळी डोक्यात जे चाललेलं असतं ते येत नाही.

डोक्यात काय चाललेलं असतं? तुरीची डाळ आहे, पण सकाळी आमटीच झाली होती. सासऱ्यांची साखर वाढली आहे, म्हणजे नुसत्या वरणभातावर भागवता येणार नाही. मुलाचा उद्या पेपर आहे, तेलकट नको. नवरा साडेनऊला येणार, तोवर भाकरी वातड होईल, त्यापेक्षा पोळ्याच बऱ्या. फ्रीजमधली अर्धी जुडी कोथिंबीर आज संपवली नाही तर उद्या टाकून द्यावी लागेल. भाजी थोडी जास्त केली तर सकाळच्या डब्याचं काम होईल, पण मुलगी तीच भाजी दोनदा खात नाही. सासूबाईंची उद्या चतुर्थी, साबुदाणा आज भिजवायला हवा. एवढा हिशेब करून ती डोंबिवलीला उतरते, स्टेशनाबाहेर चिरलेल्या भाजीचे पुडे घेऊन बसलेल्या मावशींकडून फरसबीचा एक पुडा घेते आणि घरी पोचते. दारातच प्रश्न येतो, ‘आज काय आहे जेवायला?’

रात्रीचं जेवण आठवडाभर आधी ठरवून ठेवावं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. हा विषय टापटिपीच्या सदरात टाकला जातो, हौशी गृहिणींचा मानला जातो. मला तो घरातल्या न्यायाचा विषय वाटतो. ठरवणं हे काम आहे, रोजचं आहे, आणि ते जवळजवळ प्रत्येक मराठी घरात एकाच माणसाच्या गळ्यात पडलेलं आहे.

घरकामात कुणाचा किती वेळ जातो हे आता देशाला माहीत आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. त्यातही असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली. थोडी घटली म्हणून बरं वाटावं, तर पुरुषांची ८८ वर आली होती. म्हणजे बायकांचा जो काही भार हलका झाला तो पुरुषांनी उचलला म्हणून झाला, असं मुळीच म्हणता येत नाही.

या पाहणीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण, आणि प्रत्येक खणात त्या माणसाने काय केलं ते लिहायचं. घरकामाचं नियोजन असा एक प्रकार तिच्या वर्गीकरणात आहे. पण लोकलमध्ये दांडीला धरून उभ्या असलेल्या बाईचा तो अर्धा तास ‘प्रवास’ म्हणूनच लिहिला जाणार. ऑफिसात फाईल पुढ्यात असताना साबुदाणा आठवला तर तो वेळ नोकरीचा. २८९ मिनिटांचा आकडा मोठा आहेच, पण या चिंतेला त्यात जागा नाही. ती चिंता दुसऱ्या कामांच्या पोटात बसलेली असते, म्हणून ती दिसत नाही आणि कुणी वाटूनही घेत नाही.

न्यायालयाने मात्र याची काही दखल घेतली आहे. दिल्लीत रस्ते अपघातात एक जोडपं गेलं, बायको गृहिणी होती, आणि तिच्या मृत्यूची भरपाई किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी २०१९ च्या पाहणीतले हेच आकडे उद्धृत केले आणि गृहिणीच्या कामाचं मोल ठरवताना स्वयंपाकाबरोबर किराणा आणि बाजारहाट सांभाळण्याचाही उल्लेख केला. तो निकाल चांगलाच आहे. पण बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत लावायला आपण शिकलो, ती असताना ते काम वाटून घ्यायला अजून शिकलेलो नाही, याचं दुःख होतं.

हेच काम घराबाहेर गेलं की त्याला किंमत येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. कोकणातून आणि घाटावरून बिऱ्हाड मागे ठेवून गिरणीत आलेल्या कामगारांना गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी जेवू घातलं. पाळी कोणती, कोण किती वाजता येणार, महिन्याचा तांदूळ-गहू किती लागेल, कुणाचे पैसे पगारानंतर येतील, मग तोवर वाण्याची उधारी कशी भागवायची, हे सगळं त्या डोक्यात ठेवून चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या पाशातून या बायकांना सोडवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं त्यांना मिळवून दिली. बँकेने कर्ज दिलं ते त्यांच्या पोळ्या गोल होत्या म्हणून दिलं नाही. रोज इतकी माणसं वेळेवर आणि परवडेल असं जेवतील, याची आखणी त्या करू शकत होत्या, ही त्यांची पत होती. तीच आखणी चार माणसांच्या घरात कुणी करत असेल तर ‘त्यात काय एवढं’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

आता घरातल्या पुरुषांच्या एका वाक्याकडे येते. ‘तू फक्त सांग, मी आणतो.’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, हे मला मान्य आहे. पिशवी घेऊन जाणारा नवरा न जाणाऱ्यापेक्षा बराच, यातही वाद नाही. पण त्या ‘फक्त सांग’ मध्येच सगळं काम उरलेलं आहे. सांगायचं म्हणजे आधी डबे उघडून बघायचे, उरलंसुरलं आठवायचं, सगळ्यांच्या आवडी आणि पथ्यं जुळवायची, मग यादी करायची. पिशवी तिसऱ्या मजल्यावर वाहून आणायला दहा मिनिटं लागतात. यादी मात्र दिवसभर डोक्यात शिजत असते.

स्वयंपाकाला बाई ठेवली तरी हे सुटत नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात दोघं नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांत संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी येतात. साडेपाचला फोन कुणाला जातो? ‘ताई, आज काय करू?’ ताई मीटिंगमध्ये असली तरी फोन ताईलाच. दादा घरून काम करत असतो, कधी कधी शेजारच्याच खोलीत बसलेला असतो, पण त्याचं दार ठोठवायचं मावशींच्या मनातही येत नाही. यात त्या मावशींचा काही दोष नाही. त्या घरात उत्तर कुणाकडे असतं, ते त्या रोज पाहतात. शिवाय आपल्या घरी गेल्यावर त्यांनाही हाच प्रश्न पडायचा असतो आणि तिथे विचारायला कुणीच नसतं.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष शेजारी बसून भाजी निवडत आहेत असं चित्र घेतलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मुलांनी असली चित्रं बघायलाच हवीत. पुढची पायरी चित्रात काढता येणार नाही, ती घरातच चढावी लागेल. आज मेथीच का, ती कुणी आणायची ठरवली, उद्या कोणती, हे प्रश्न त्या चित्रातल्या बाबाच्याही डोक्यात आले पाहिजेत.

कुणी म्हणेल, जेवणाचं वेळापत्रक ही बाहेरून आलेली कल्पना, आपल्याकडे असलं काही नव्हतं. हे खरं नाही. आपल्या घरांइतकं जेवण आधी ठरलेलं फार कुठे नसेल. आषाढात कांदेनवमी झाली की पाळणाऱ्या घरांत चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. चंपाषष्ठीला भरीत-भाकरी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. सोमवार-गुरुवारी मासळी नाही, एकादशीला धान्य नाही. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड गच्चीवर वाळायचे ते पावसाळ्यात भाजीची ओढाताण होणार हे ठाऊक होतं म्हणूनच. मेतकूट, भाजणी, मसाला वर्षाचा व्हायचा. गावात आठवडे बाजाराचा वार ठरलेला, त्यामुळे ताजी भाजी कोणत्या दिवशी आणि उसळ-पिठलं कोणत्या दिवशी, हे आपोआप ठरायचं. पंचांग, ऋतू आणि बाजार मिळून निम्मं ठरवून टाकायचे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या आणि शेवटी उरेल ते खाणाऱ्या बायकांचे ते दिवस होते. पण रोज संध्याकाळी शून्यापासून ठरवण्याचा हा ताप त्यांना आपल्याइतका नव्हता. शहरात बारा महिने सगळं मिळू लागलं, उपासतापास आणि वर्ज्यावर्ज्य सैल झालं, ते चांगलंच झालं. मात्र पूर्वी जे पंचांग ठरवायचं तेही आता घरातल्या बाईवर येऊन पडलं.

ठरवून ठेवल्याने ताटात काय फरक पडतो, हे कडधान्यांवरून लगेच कळतं. बुधवारी रात्री मटकीची उसळ हवी असेल तर मटकी सोमवारी रात्री भिजत पडली पाहिजे. मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली की बुधवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात. वालाच्या बिरड्यासाठी आणखी एक दिवस धरा, वर कोमट पाण्यात टाकून सोलायला घरातले दोन-तीन हात धरा. छोले-राजमा निदान रात्रभर भिजायला हवेत. बुधवारी संध्याकाळी सात वाजता उसळ सुचून काही उपयोग नाही. त्या वेळेला सुचतात ते बटाटे, नाहीतर मॅगी, नाहीतर फोनवरून मागवायचं जेवण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये २००० उष्मांकांच्या ताटासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांचं प्रमाण सांगितलं आहे. आयत्या वेळी ठरवणाऱ्या घरात एवढ्या भाज्या आणि कडधान्यं पोटात जाणं अवघडच.

भाजीचंही तसंच. रविवारी बाजार केला तर मेथी, पालक, चवळई पहिल्या दोन दिवसांत संपवायची. भेंडी, गवार, फरसबी बुधवार-गुरुवारपर्यंत तग धरतात. कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण आठवडाअखेरीलाही चालतात. हा क्रम ज्याला कळला त्याच्या घरी भाजी सडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. शेतात, गोदामात जे नासतं ते या हिशेबात धरलेलंच नाही. आपल्या घरातली पिवळी पडलेली पालकाची जुडी मात्र त्यात आहे, आणि ती आणून विसरली जाते त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की ती कोणत्या दिवशी करायची हे ठरलेलं नव्हतं.

ठरवायची रीत अगदी साधी ठेवावी. रविवारी सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांनी बसायचं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनात त्या रात्रीचा पदार्थ लिहायचा आणि शेजारी नाव. हे नाव महत्त्वाचं. मंगळवारपुढे बाबाचं नाव असेल तर मंगळवार पूर्ण बाबाचा. काय करायचं, घरात काय आहे, काय आणायचं, आदल्या रात्री काय भिजवायचं, मावशींना काय सांगायचं, आणि ऐनवेळी गॅस संपला तर काय करायचं, हे सगळं त्याने बघायचं. करता येत नसेल तर सोपं करावं. मुगाची खिचडी, पापड आणि दह्यातली कोशिंबीर हे उत्तम रात्रीचं जेवण आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनाही आठवड्यातली एक रात्र द्यावी. एक रात्र राहिलेल्यासाठी मोकळी ठेवावी, म्हणजे फोडणीची पोळी, फोडणीचा भात, थालीपीठ यांना जागा राहते. कुणी अचानक पाहुणे आले, कुणाला यायला उशीर झाला, तर दोन चौकोनांची अदलाबदल करावी. पण ज्याचं नाव लिहिलं आहे त्याला आठवण करून द्यायचं काम आईकडे जाता कामा नये. ते गेलं की सगळा तक्ता पुन्हा तिच्याच डोक्यात येऊन बसतो, आणि मग हे तक्त्याचं एक जास्तीचं काम तिला लागलं एवढंच होतं. एकटीने बनवलेले, सुबक अक्षरात फ्रीजवर लावलेले तक्ते मी मैत्रिणींकडे खूप पाहिले आहेत. ते टिकत नाहीत, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

याला होणारा सगळ्यात मोठा विरोध चवीचा आहे. आधी ठरवलं की जेवण खानावळीसारखं होतं, आज काय खावंसं वाटतंय याला किंमत राहत नाही, असं म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि चौकोनात दुधीची भाजी लिहिली आहे, तेव्हा भजी करावीत आणि दुधी उद्यावर ढकलावा. पण ही मुभा आज घरात कुणाला आहे, हेही विचारलं पाहिजे. ‘आज काहीतरी वेगळं कर ना’ असं म्हणणारा आणि ते वेगळं करणारी, अशी ती मुभा वाटलेली असते. रात्री नऊ वाजता तव्यावरची गरम पोळी थेट ताटात पडली पाहिजे हा हट्टही असाच. ती वाढणारी बाई सगळ्यांबरोबर बसू शकत नाही. आधी ठरलेलं असेल, पोळ्या आधी झालेल्या असतील, आमटी फक्त गरम करायची असेल, तर घरातली सगळी माणसं एका वेळी बसतात. दिवसभरात घर एकत्र येतं ते त्याच अर्ध्या तासात. त्यासाठी पोळी जरा कोमट मिळाली तर ती खावी.

दुसरा पर्याय बाहेरून मागवण्याचा. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चात पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या खाण्याचा वाटा १०.६४ टक्के निघाला. खाण्यावरच्या खर्चात दूध, भाज्या, धान्य या सगळ्यांपेक्षा हाच भाग मोठा. कधीमधी मागवावं, त्यात पाप नाही. पण थकलेल्या घराने रोजचा निर्णय दुसऱ्यावर सोपवण्याची ही वाट महाग आहे आणि तब्येतीलाही मानवत नाही.

हे सगळं फ्रीज, गॅस आणि महिन्याचा पगार असलेल्या घरांबद्दल झालं. रोजंदारीवरच्या घरात आजची कमाई हाती आल्यावर आजचं तेल-पीठ येतं. तिथे रविवारी आठवडा लिहून काढा असं सांगणं क्रूरपणाचं होईल. त्या बायका आखणी करत नाहीत असं नाही, त्या आपल्यापेक्षा काटेकोर आखणी करतात, पण त्यांच्या हाताशी एका दिवसापलीकडचं काही नसतं. त्यांच्यासाठी आणि रात्री उशिरा परतणाऱ्या सगळ्यांसाठीच ही जबाबदारी काही प्रमाणात घराबाहेरही वाटली गेली पाहिजे. राज्याने २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यात दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. ही थाळी दुपारची. रात्रीसाठी असं काही नाही. डोंबिवली-ठाण्याची पोळी-भाजी केंद्रं खाजगी आहेत, त्यांतली पुष्कळशी बायकांनीच उभी केलेली. महापालिकांनी रेल्वे स्टेशनं, एसटी स्थानकं आणि मोठ्या बाजारांजवळ महिला बचत गटांना नाममात्र भाड्यावर गाळे द्यावेत, रात्री दहापर्यंत पोळी, भाकरी, एक भाजी आणि एक उसळ तिथे मिळावी, आणि कोणत्या वारी कोणती उसळ याची पाटी आठवडाभर आधी बाहेर लागलेली असावी.